मेकर आणि चेकर

बँकेत पेनाला सुतळी बांधतात ती गिऱ्हाइकावर अविश्वास म्हणून नव्हे. माणसाच्या सचोटीवर उगाच फार ताण पडू नये म्हणून. बावीस वर्षं काउंटरवर बसून मी एवढं तत्त्वज्ञान कमावलं आहे. "साहेब, जरा पेन देता?" म्हणून नेलेलं पेन परत येत नाही. टोपण ठेवून घेतलं तर नुसती टोपणंच साठतात. माझ्या खणात अशी एकोणीस टोपणं आहेत. त्यांच्याकडे बघता बघता एके दिवशी मनात आलं, आपणच पेनं का करू नयेत?

छंद मोठ्या घराला शोभतो. आमचं घर डोंबिवलीतलं, दोन खोल्यांचं. तिसरी खोली म्हणजे ग्यालरी, आणि तिथे वॉशिंग मशीन व तुळस आधीपासून नांदत आहेत. लाकूड कातून पेन करायला लेथ लागतं. त्याची किंमत ऐकून मी दुकानदाराला "पुन्हा येतो" म्हणालो. हे वाक्य मला बँकेत रोज ऐकावं लागतं, त्यामुळे त्याचा अर्थ मला ठाऊक आहे. शेवटी फोटो टांगायला घेतलेलं ड्रिल मशीन एका जुन्या पाटावर आडवं आवळलं, समोरच्या टोकाला मोडक्या मिक्सरचं बेअरिंग लाकडात ठोकून बसवलं आणि हत्यारं म्हणून कानस आणि पॉलिशपेपर घेतला. झालं आमचं लेथ! सौ.ने रविवारी दुपारी दोन ते चार अशी वेळ मंजूर केली. अट एकच, भुसा पापडांवर उडता कामा नये.

कृती ऐकायला सोपी आहे. लाकडाचे दोन तुकडे घ्यायचे, प्रत्येकात सात मिलिमीटरचं आरपार भोक पाडून पितळी नळी चिकटवायची. मग लाकूड गरगर फिरवत हवं तितकं बारीक करायचं, घासायचं, चकाकी आणायची. शेवटी टोक, रिफिल फिरवण्याचा भाग आणि क्लिप दाबून बसवायची. हे सुटे भाग पाकिटात तयार मिळतात. माझ्या पाकिटावर 'तैवान' असं छापलं होतं.

आणि इथेच पंचाईत झाली. बँकेत प्रत्येक नोंदीला एक मेकर लागतो आणि एक चेकर. मेकर नोंद करतो, चेकर ती पास करतो, आणि ही दोन्ही कामं एकाच माणसानं करायची नसतात. मग या पेनात मी नक्की कशाचा मेकर? लिहिणारा भाग तैवानचा, लाकूड झाडाचं. निव्वळ माझं असं त्यात एकच, ते म्हणजे भोक. तेही तिरकं. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी स्वदेशी फाउंटन पेन करून गांधीजींना पाठवलं, आणि विदेशी पेनांना हा चांगला पर्याय दिसतो असं आभाराचं पत्र १९३५ साली वर्ध्याहून त्यांना आलं. ज्याचा चेकर गांधीजी, त्या मेकरनं छाती काढून चालावं. आम्ही आपले ग्यालरीत बसून स्वतःच मेकर आणि स्वतःच चेकर.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. आईचं शिसवी लाटणं माळ्यावर पडलं होतं. ती गेल्यावर कुणी वापरलं नाही. काढून बघतो तर निम्मं वाळवीनं खाल्लेलं. धड असे जेमतेम दोन तुकडे निघाले. म्हटलं, यातून पेन करून भाऊबीजेला ताईला ओवाळणी घालावी. ताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, शाळेतून निवृत्त झालेली, रोजचा हिशेब अजून वहीत लिहिणारी.

भोक पाडताना ड्रिल मधून मधून बाहेर काढायचं असतं, भुसा झटकायचा असतो, लाकडाला निवू द्यायचं असतं. पहिला तुकडा मी असाच निगुतीनं केला. दुसऱ्याच्या वेळी पावणेचार वाजले होते. घाई केली आणि तुकडा कडकन दुभंगला. मग सुताराकडून शिसवाची ढलपी आणली, तिचा वरचा भाग केला. पॉलिश केल्यावर सख्खे भाऊ दिसत होते.

भाऊबीजेला ताईनं पेन कपाळाला लावलं. "सगळं आईच्या लाटण्याचं?" तिनं विचारलं.

"सगळं," मी म्हणालो.

कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे मी ताळेबंद मांडून बघितला. पन्नास टक्के खरं, पन्नास टक्के खोटं. शिवाय ताई खूश, नुकसान कुणाचंच नाही. तरीही ताळा जुळेना. बँकेत एक रुपया कमी पडला तरी आम्ही रात्री नऊपर्यंत शोधतो. इथे तर निम्मी आई कमी पडत होती.

संक्रांतीला पुण्याला गेलो. गोड बोलायच्या त्या दिवशीच खरं सांगून टाकलं. ताई थोडा वेळ गप्प बसली.

"तुझं ते लाटणंसुद्धा मूळचं नव्हे रे," ती म्हणाली. "मूळचं तू पाचवीत असताना स्टंप म्हणून मातीत ठोकलंस आणि मोडलंस. तुला मार बसेल म्हणून मी तुळशीबागेतून तस्संच आणून ठेवलं. आईला कळलं नाही." मग जरा थांबून, "की कळलं होतं, देव जाणे. पहिली पोळी लाटली, लाटण्याकडे नुसतं बघितलं, आणि त्या दिवशी माझ्या पोळीवर तूप जास्त पडलं."

म्हणजे आमच्या घरातला चेकर कधीच नोंद पास करून मोकळा झाला होता!

परतीच्या गाडीत मला वाटत होतं, ताईनंही लाटणं बदललं, मीही बदललं, मग फिट्टंफाट. पण कर्जतच्या पुढे लक्षात आलं, तिनं माझी चूक झाकली होती. मी माझीच झाकली होती. बँकेत या दोन्हीला एकच शब्द आहे. घरात नाही.

निघताना तिनं एवढंच विचारलं होतं, "यातला लाटण्याचा भाग कुठला?" मी खालचा दाखवला.

"बरं झालं," ती म्हणाली, "बोटं तिथेच येतात." आणि वही उघडून तिळगुळाचा खर्च लिहायला बसली.