मोडलेले पुन्हा उभारताना

स्वतःच्याच मालकीची वस्तू मोडली, तर त्यात कोणाचा अपराध होतो काय? प्रश्न विचित्र वाटेल. परंतु प्रायश्चित्ताचा खरा अर्थ आम्हांला याच प्रश्नापाशी उलगडताना दिसतो.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराला लागून कार्लटन हे जुने उपनगर आहे. तेथे लेस्टर आणि पेलहॅम या रस्त्यांच्या कोपऱ्यावर एक दुमजली पब होता. 1850च्या दशकाच्या उत्तरार्धात 'कार्लटन इन' म्हणून तो उभा राहिला. पुढे 'कॉर्कमन' या नावाने ओळखला जाऊ लागला. 'पब' या शब्दाने कोणाच्या कपाळावर आठी पडू नये. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थच 'सार्वजनिक घर' असा आहे. जवळच्या विद्यापीठातील कायद्याचे विद्यार्थी तेथे जमत. वारसावास्तू म्हणून त्याला संरक्षण होते. तरीही ऑक्टोबर 2016 मधील एका शनिवार-रविवारी मालकांनी तो विनापरवाना जमीनदोस्त केला. दंड झाला. त्या जागी तात्पुरते उद्यान करण्याचे 2019 मध्ये ठरले. ठरल्या मुदतीत तेही झाले नाही.

मालक म्हणेल, जागा माझी, भिंती माझ्या. ख्रिस्तसभा खासगी मालकी मान्य करते. परंतु सृष्टीतील संपत्ती मुळात सर्व मानवांसाठी आहे, हेही ती शिकवते. दीडशे वर्षांच्या भेटीगाठी खरेदीखतात लिहिल्या जात नाहीत. म्हणूनच त्या विकतही घेता येत नाहीत. अपराध घडला तो या अलिखित हिश्शाचा.

मग त्याची भरपाई कशी व्हावी? दंड सार्वजनिक खजिन्यात जातो; शेजाऱ्यांच्या वाट्याला ओसाड कोपराच उरतो. लंडनमध्ये, योगायोगाने 'कार्लटन टॅव्हर्न' याच नावाचा, 1920-21 साली बांधलेला पब एप्रिल 2015 मध्ये असाच विनापरवाना पाडण्यात आला. मात्र वेस्टमिन्स्टरच्या नगर परिषदेने तो होता तसाच पुन्हा बांधण्याचा आदेश दिला. रहिवाशांनी पाठपुरावा सोडला नाही. एप्रिल 2021 मध्ये त्याची दारे पुन्हा उघडली.

नवी भिंत जुनी होत नाही, हे खरे. तरीही ज्यांचे हिरावले त्यांनाच ते परत मिळाले, आणि ज्यांनी मोडले त्यांनाच ते उभारावे लागले. पापनिवेदनाचेही असेच आहे. क्षमेने पाप पुसले जाते. पापाने केलेली नासधूस मात्र आपोआप भरून येत नाही. जक्कयाने प्रभूचे आनंदाने स्वागत केले आणि ज्यांना फसवले त्यांना चौपट परत देण्याचे वचनही दिले.

सरकवलेला बांध, भावाचा बुडवलेला हिस्सा, कोणाच्या नावाला लावलेला काळिमा, यांतले काहीही दानपेटीत नोट टाकून फिटत नाही. ज्याचे मोडले, त्याच्याच दारी जावे लागते. जे परत देणे अशक्य, ते देवाच्या दयेवर सोपवावे. जे शक्य आहे, ते त्या दयेच्या नावाखाली टाळू नये.