बोट उचलायची वेळ

मोठ्या कारखान्यात इलेक्ट्रॉनिक बोर्डावरचे सुटे भाग यंत्र बसवतं. पण नवा बोर्ड पहिल्यांदाच करून बघायचा असेल किंवा थोडेच नग हवे असतील, तर लहान वर्कशॉपमध्ये हे काम आजही हाताने होतं. भाग किती छोटे असतात? नेहमीच्या वापरातला एक रेझिस्टर १.६ मिलिमीटर लांब आणि ०.८ मिलिमीटर रुंद असतो. तिळाच्या निम्मा! चिमट्यात धरावा, तर दाब जरा जास्त झाला की टुणकन उडतो. म्हणून व्हॅक्यूम पेन वापरतात. टोकाला बारीक पोकळ सुई, मागे नळी आणि लहानसा पंप. पेनाच्या अंगावर एक भोक असतं. त्यावर बोट ठेवलं की भाग सुईला अलगद चिकटतो. बोट काढलं की सुटतो. खरं तर सुई त्याला ओढतही नाही. आतली हवा कमी झाली की बाहेरची हवाच त्याला टोकाशी दाबून धरते.

शिकणाऱ्याला वाटतं, उचलणं अवघड. ते लवकर जमतं. वेळ लागतो तो सोडायला. बोर्डावर आधी सोल्डर पेस्ट लावलेली असते, थोडी चिकट. भाग तिच्यावर टेकवायचा, बोट उचलायचं, सुई सरळ वर घ्यायची. पण भाग केसभर तिरका दिसतो आणि हात पुन्हा खाली जातो. जरा इकडे, जरा तिकडे. या सरकवण्यात पेस्ट पसरते, शेजारच्या दोन जागा जोडल्या जातात आणि बोर्ड शॉर्ट होतो. तो केसभर तिरकेपणा मात्र बहुतेक वेळा आपोआप जातो. बोर्ड ओव्हनमध्ये तापतो. शिसं नसलेली नेहमीची पेस्ट साधारण २१७ अंश सेल्सिअसला वितळू लागते. वितळलेलं सोल्डर आपल्या पृष्ठताणाने त्या चिमुकल्या भागाला ओढून नीट जागेवर आणतं. किती सुंदर आहे हे! दिशा मात्र त्याला सुधारता येत नाही. डायोड उलटा ठेवला तर उलटाच राहतो. म्हणून जाणकार माणूस डायोडवरची दिशा दाखवणारी पट्टी तो टेकवण्याआधीच बघून घेतो.

आपणही रोज काही ना काही कोणाच्या हाती देतो. ऑफिसात नव्या मुलाला काम देतो आणि तासाभरात तीनदा विचारतो, कुठवर आलं? मुलीला पोळ्या लाटायला सांगतो आणि तिच्या हातातलं लाटणं घेऊन कडा सारख्या करतो. यात प्रेमच असतं, काळजीही असते. फक्त ती थोडी उशिरा येते. काय हवंय, कधीपर्यंत हवंय, अडलं तर कोणाला विचारायचं, हे देतानाच शांतपणे सांगितलं, तर बरीचशी काळजी तिथेच घेऊन होते. उरलेला केसभर तिरकेपणा काम करताकरता त्याचा तोच जातो. माणसांत ही ताकद असते.

आज एखादं काम कोणाला द्याल, तेव्हा दोन मिनिटं जास्त द्या आणि मग बोट उचला. वर्कशॉपमध्ये तर रेंगाळायला सवडही नसते. उघडी पेस्ट काही तासांत सुकू लागते. तिचा चिकटपणा आहे तोवर सगळा बोर्ड भरायचा असतो, आणि पुढचा रेझिस्टर त्याच्या पॅकिंगच्या पट्टीत वाट बघत असतो.