निम्मे गुण

गेल्या हिवाळ्यात उदयनगरच्या हाटात एक गोऱ्हा पाहिला. तांबड्या अंगावर पांढरे ठिपके, म्हणजे निमाडी. वर देवासच्या पठारावर माळवी बैल पांढरा आणि घाट उतरून नर्मदेकडे गेलं की तांबडा. उदयनगर या दोन रंगांच्या मधे बसलेलं. गोऱ्हा दोन दाती, वेसण नुकतीच टोचलेली. कासरा बारा-तेरा वर्षांच्या पोराच्या हातात होता आणि त्यानं त्याचा एक वेढा मनगटाला मारला होता. शेजारी उकिडवा बसलेला म्हातारा उठला, चकार शब्द न काढता त्यानं तो वेढा सोडवला, दोर पोराच्या मुठीत दिला आणि परत जाऊन बसला.

शेतकऱ्याच्या घरात हे फार लवकर शिकवतात. कासरा मुठीत धरायचा, हाताला गुंडाळायचा नाही. जनावर बिथरलं तर सोडता आला पाहिजे.

मला तिथे लेन फ्रॉस्ट आठवला. अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या दुधाच्या धंद्यावर चालणाऱ्या शेतावर वाढलेला हा पोरगा पुढे बिथरलेल्या बैलावर बसण्याच्या खेळात, रोडिओत, १९८७ साली जगज्जेता झाला. त्या खेळात दोर बैलाच्या छातीभोवती आवळतात, त्याला राळ चोळतात आणि तो हाताला मुद्दाम गुंडाळतात. दुसरा हात हवेत; तो बैलाला लागला की खेळ संपला. असे आठ सेकंद काढायचे. म्हाताऱ्यानं जो वेढा सोडवला, तोच वेढा तिथे पोटापाण्याचा.

पण मला त्या खेळातली गुण देण्याची रीत जास्त आवडते. शंभरपैकी निम्मे गुण स्वाराला आणि निम्मे बैलाला. बैल जितका उसळेल तितके त्याचे गुण. त्यामुळे जिंकायचं असेल तर गरीब बैल नशिबी येऊ नये, असंच स्वाराला वाटतं. रेड रॉक नावाच्या बैलावर स्पर्धेत ३०९ वेळा स्वार बसले आणि एकालाही आठ सेकंद काढता आले नाहीत. मग १९८८ साली फ्रॉस्टची त्याच्याशी सात वेळा गाठ घातली. चारदा फ्रॉस्ट टिकला, तीनदा पडला. आजही तिकडे दोन्ही नावं जोडीनं घेतात.

आपल्याकडे बैल पळतो, उसळत नाही, आणि पाठीवर कोणी बसत नाही. पण श्रेयाची वाटणी आपण आणखी पुढे नेली आहे. २०२३ साली सांगली जिल्ह्यातल्या भाळवणीच्या शर्यतीत थार गाडी जिंकली ती कोणी, असं विचारा. ‘बकासुर आणि महिब्या’ असं उत्तर येईल. छकड्यावर उभं राहून त्यांना हाकणाऱ्याचं नाव शंभरातले किती जण सांगतील? विदर्भात शंकरपटाच्या शर्यतीत जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याची गतही फारशी वेगळी नाही. शर्यतींवरच्या २०१४ च्या बंदीपासून २०२३ च्या घटनापीठाच्या निकालापर्यंत इतकी वर्षं कोर्टात भांडण झालं, तेही बैलाचं सुख आणि बैलाचा छळ यांवरच. ते योग्यच होतं; टोचणी लावून पळवलेल्या बैलाची बाजू कोणीतरी मांडायलाच हवी होती. धुरकऱ्याच्या मोडलेल्या बरगड्या मात्र कुठल्याच बाजूच्या कागदांत गेल्या नसाव्यात, असं आपलं मला वाटतं.

फ्रॉस्टच्या बरगड्याच मोडल्या. ३० जुलै १९८९, शायेन गाव. आठ सेकंद पुरे झाले होते, हात दोरातून सुटला होता, तो खाली उतरलाही होता. मग चिखलात पडला आणि बैलानं मागून शिंग मारलं. गेला तेव्हा वय पंचवीस. त्या फेरीला त्याला ८५ गुण पडले होते. त्याच्या मित्रानं, कोडी लँबर्टनं, पुढे स्वारांसाठी छातीचं चिलखत तयार केलं. आज ते घातल्याशिवाय सहसा कोणी बैलावर बसत नाही.

हाटात तासाभरानं परत त्याच वाटेनं आलो. गोऱ्हा विकला गेला नव्हता. म्हातारा बिडी ओढत दुसरीकडे बघत होता. आणि पोरानं कासरा पुन्हा मनगटाला गुंडाळला होता. या वेळी दोन वेढे.