आसन किती उंच असावे?

नवी मुंबईत उलव्यातल्या सोसायटीत सत्यनारायण असला की पुढे सतरंजी अंथरतात आणि मागे प्लास्टिकच्या खुर्च्या मांडतात. गुडघे धरलेली मंडळी मागे बसतात. त्यांतल्या अनेकांच्या मनाला एक रुखरुख असते: देवापुढे खुर्चीत बसलो, भक्तीत उणे तर पडलो नाही ना?

गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाचे आसन फार उंच नको आणि फार सखलही नको, असे सांगितले आहे. ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरीत त्याचे कारण उलगडले. आसन उंच झाले तर अंग डोलते, सखल झाले तर भूमीचा दोष बाधतो. खाली दर्भ, मध्ये धुतवस्त्राची घडी, वर मृगाजिन, असे थरही त्यांनी सांगितले. मोक्षाची वाट दाखवणारा ग्रंथ बैठकीच्या उंचीपाशी एवढा थांबतो, कारण कळ सोसणाऱ्या देहात मन ठरत नाही. पतंजलींनाही आसन स्थिर आणि सुखाचेच हवे होते.

या उंचीचा हिशेब शरीरात दिसतो. 2018 मध्ये उलव्याजवळ, खारकोपरपर्यंत लोकल आली. सकाळी ती पकडून दिवसभर ऑफिसच्या खुर्चीत बसणाऱ्यांचे मांड्यांमागचे स्नायू आखडतात. असा माणूस सपाट फरशीवर मांडी घालतो तेव्हा कंबर मागे ढळते, पाठीचा खालचा बाक सपाट होतो आणि मान पुढे येते. ती सावरताना पाठीचे स्नायू सतत ताणलेले राहतात, म्हणून ते भरून येतात. बुडाखाली घोंगडीची चार बोटे जाड घडी ठेवली की कंबर सरळ होते.

स्वीडनचे आल्फ नॅचेमसन यांनी 1960च्या दशकात मणक्यांमधल्या चकतीतला दाब सुईने मोजला. बसल्यावर तो उभे राहण्यापेक्षा किती वाढतो, यावर पुढे मतभेद झाले. वाकून बसल्यावर तो चढतो, हे मात्र टिकले.

प्लास्टिकच्या खुर्चीची बैठक मागे उतरती असते. ठेंगण्या आजींचे पाय तिच्यात लोंबकळतात, मांडीखाली कड रुतते आणि मुंग्या येतात. पायांखाली घरचा पाट आणि कमरेमागे टॉवेलची गुंडाळी दिली, तर तीच खुर्ची शास्त्राला हवे तसे आसन होते. मग आजींनी ओशाळायचे कशासाठी?

उलव्यात तिरुपती बालाजी मंदिराचे भूमिपूजन जून 2023 मध्ये झाले. तिथे मंडप आखताना सतरंजीच्या शेजारी वीतभर उंचीची बाके आणि पाय टेकतील अशा खुर्च्या, तिन्हींची जागा पहिल्या रांगेतच ठेवावी.