मानाच्या जागेवर कोण?

24 जून 1945 रोजी मॉस्कोच्या रेड स्क्वेअरवर भर पावसात विजयसंचलन झालं. मार्शल झुकोव्ह यांनी घोड्यावरून पाहणी केली आणि जर्मन सैन्याचे 200 ध्वज लेनिनच्या समाधीपुढे फेकले गेले. तो गौरव सैन्याच्या बळाचा होता. त्या बळासाठी ज्यांनी हातपाय गमावले त्यांच्या पुढच्या आयुष्याचा नव्हता. हा फरक लवकरच उघड झाला. 1946 मध्ये झुकोव्ह यांना ओडेसाला धाडलं गेलं, 1947 च्या अखेरीस 9 मेची विजयदिनाची सुट्टी रद्द झाली आणि शौर्यपदकांमागे मिळणारा भत्ता 1948 पासून बंद झाला. दुष्काळ होता, शहरं उद्ध्वस्त होती, पैसा कुठून आणणार, असं यावर म्हटलं जातं. भत्त्यापुरतं ते मान्य करू. पण युद्धसैनिकांची देशव्यापी समिती स्थापन व्हायला 1956 साल उजाडलं, आणि तिला परवानगी देण्यासाठी तिजोरी भरलेली असण्याची गरज नव्हती. स्टालिनला विजयात वाटेकरी नको होता, हेच कारण मला पटतं.

1965 मध्ये ब्रेझनेव्ह यांनी सुट्टी आणि संचलन दोन्ही परत आणलं. क्रांती पाहिलेली पिढी संपत चालली होती आणि राज्याला सर्वांना आपला वाटेल असा अभिमान हवा होता. तरी सोव्हिएत काळात 9 मेचं लष्करी संचलन त्यानंतर फक्त 1985 आणि 1990 मध्ये झालं. इतर वर्षी जुने सैनिक बोल्शॉय थिएटरसमोर आपल्या तुकडीच्या नावाची पाटी धरून उभे राहत आणि सोबती शोधत. मला हा त्या साऱ्या इतिहासातला सर्वांत खरा सन्मान वाटतो, कारण तिथे ते कुणाच्या समारंभाचे पाहुणे नव्हते. लढलेल्या सुमारे आठ लाख स्त्रियांच्या वाट्याला तर पदकं आली, पण बोलण्याची मुभा नाही. त्यांच्या आठवणींचं स्वेतलाना अलेक्सिएविच यांचं पुस्तक 1985 मध्ये निघालं, तेही सेन्सॉरची कात्री लागून.

1995 मध्ये वृद्ध सैनिक स्वतः रेड स्क्वेअरवरून चालले. सेवेतल्या फौजेचं संचलन वेगळं, पोक्लोन्नाया टेकडीपाशी झालं. अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन पहिल्याला हजर राहिले, पण चेचन्यातल्या युद्धामुळे दुसऱ्याला गेले नाहीत. वृद्धांच्या उपस्थितीचं नैतिक वजन किती मोठं असतं हे तेव्हा दिसलं, आणि ते वजन उसनं घेण्याचा मोह पुढच्या प्रत्येक सत्तेला होणार हेही. 2005 मध्ये त्यांना जुन्या धर्तीच्या ट्रकांतून नेलं गेलं. गरजू युद्धसैनिकांना घरं देण्याचा हुकूम मात्र 2008 मध्ये निघाला, विजयानंतर 63 वर्षांनी.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की सन्मान होताना त्या म्हाताऱ्यांचे डोळे भरून येतात, मग त्यात राजकारण कशाला शोधायचं? त्यांचा आनंद खराच आहे, आणि म्हणूनच त्यावर समाधान मानून थांबण्याचा हक्क आयोजकांना नाही. आपल्याकडे 1971 चे जवान आता सत्तरी ओलांडून गेले आहेत. साताऱ्यात किंवा कोल्हापुरात विजय दिवस साजरा करताना पाहुण्यांच्या भाषणांचा वेळ त्यांना द्यावा, आणि रखडलेल्या पेन्शनच्या कागदांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं टेबल त्याच मांडवात लावावं.