पोराचे ताट आणि आमचा नेम

मालवणकडील एका शाळेत आहार-व्यायामावर चार शब्द सांगण्यास आम्हांस बोलाविले होते. एका गाबिताच्या पोराने विचारले, "बुवानु, मासो खाल्लो तर पाप लागता काय?" आम्ही माळकरी. उत्तर जिभेवर आले होते, ते गिळले.

का गिळले? २०२३ साली शाळेच्या आहारात अंडे, न खाणाऱ्यास केळे, असे सरकारने ठरविले, तेव्हा आपल्याच मंडळींनी विरोध केला. आम्हीही त्यांतच होतो. जीवदया आजही सुटलेली नाही. पण माळ आम्ही आपखुषीने घातली. त्याचा बाप होडी पोटासाठी लोटतो. आमचे व्रत त्याच्या ताटावर लादले, तर ते व्रत कसले? तो अहंकार. आणि पोर शिकणार काय? आईच्या हातच्या घासाची लाज!

गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणे व मुळीच न खाणे, दोन्ही वर्ज्य सांगितली आहेत. आम्ही तेवढेच सांगितले : "बाळा, घरी शिजते ते भुकेपुरते खा. पेज, नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी सोडू नको. पुडीतले खारट-गोड रोज नको. अन् घाम येईस्तोवर तासभर खेळ. पापाचे मोठा झालास की विचार."

जागतिक आरोग्य संघटनाही ५ ते १७ वर्षांच्या मुलांस रोज सरासरी ६० मिनिटे अंगमेहनत सांगते. पंढरीची वाट चालणाऱ्यांस हे काय नवे?

तेव्हा मंडळी, नेम आपल्या ताटापुरता. पोराचे ताट भरलेले असावे, ही चिंता मात्र सर्वांची.