तिसरा वाटा

यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यात एका गावात बाप गेल्यावर दोन भावांच्या वाटण्या झाल्या. दहा एकर वावर, विहीर, बैलजोडी, बंडी, धुऱ्यावरच्या बाभळी, सगळं मोजून झालं. वावरात उभ्या कपाशीच्या पऱ्हाट्या तेवढ्या कोणी मोजल्या नाहीत. त्यात मोजायचं काय?

कापूस वेचून संपला, उलंगवाडी झाली. थोरल्यानं पऱ्हाट्या उपटून वावरातच ढीग घातले आणि काडी लावली. दोन दिवस गाव खोकलं. राख वाऱ्यानं नेली, ढिगाखालच्या मातीतले जीवजंतू भाजून निघाले.

धाकटा शहाणा. त्यानं पऱ्हाट्या सरपणासाठी धुऱ्यावर रचल्या. पण घरात गॅस आलेला. गंजी मृगापर्यंत तशीच राहिली. तिच्यातल्या न फुटलेल्या बोंडांत गुलाबी अळी मुक्कामाला होती. नवी पऱ्हाटी फुलावर आली तशा वावरात अळीनं मिटवलेल्या डोमकळ्या दिसू लागल्या. अळीला धुरा अडवत नाही. ती थोरल्याकडेही पोचली. याच अळीनं २०१७ साली जिल्ह्याचं कंबरडं मोडलं होतं. दोघे भांडत मायसमोर आले.

माय म्हणाली, "जाळलं ते धुराले गेलं, साचवलं ते अळीले गेलं. घरात काय आलं रे?"

दोघेही गप्प.

थोरल्याचा पोरगा नागपूरला शिकायला होता. कापसावर १९२४ पासून काम करणाऱ्या मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं एक केंद्र तिथं आहे. पऱ्हाट्यांचा भुगा यंत्रात दाबून केलेल्या कांड्या त्यानं तिथं पाहिल्या होत्या. त्यात डिंक घालावा लागत नाही. दाबानं तापलं की लाकडातलंच लिग्निन मऊ होतं आणि भुगा घट्ट बसतो. या कांड्या कारखान्याच्या बॉयलरमध्ये कोळशाऐवजी जळतात, म्हणून नावच पडलं पांढरा कोळसा. पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्डही होतो.

"बाबा," पोरगा म्हणाला, "तिकडं वणीले जमीन फोडून कोळसा काढतात. आपल्या वावरात तो दरसाल उगवतो, एकरी टनभर!"

पुढच्या उलंगवाडीला दोघांनी मिळून यंत्र बोलावलं. चिमट्यानं मुळासकट उपटलेल्या पऱ्हाट्यांचा वेळेवर भुगा झाला. बोंडांतल्या अळीचं घरही त्यात मोडलं. ढीग पाहून थोरल्याचे डोळे चमकले. "सगळंच विकून टाकू. अर्धं तुझं, अर्धं माझं."

माय काठी टेकत ढिगापाशी आली. "तीन वाटे करा."

"तिसरा कोणाचा वं माय?"

"काळीचा. जिनं पिकवलं, तिले काय देल्लं तुमी?"

दोन वाटे कारखान्यात गेले. पैसा काही फार नव्हता. उपटणीची मजुरी आणि गाडीभाडं जाऊन सणापुरता उरला. तिसरा वाटा शेणकाल्यासोबत खड्ड्यात कुजला आणि खत होऊन वावरात परतला. तीन-चार वर्षांत काळीत ओल जास्त टिकू लागली.

सातबाऱ्यावर आजही दोनच नावं आहेत. उलंगवाडीला ढीग मात्र तीन लागतात.

तात्पर्य : वाटणीत जे मोजायचं राहतं, तेच आधी जळतं, आणि पिकवणारीचा वाटा राहिला, तर मोजलेलंही पुरत नाही.